हेका, इनाद, इनात

मी त्या वर्षी जे केलं त्याला मराठीत नाव आहे, पण ते घेताना लोक तोंड वाकडं करतात. हेका. आप्पा, म्हणजे माझे वडील, दोह्यातल्या अल सद्द भागात, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, पायात अजून साइटवरचे बूट, आणि मी खाली बसून मेथी निवडत होते. "याला जिद्द नाही म्हणत," ते म्हणाले, "याला हेका म्हणतात." मी मान वर केली नाही. एसीच्या डक्टपलीकडे कशावरच फारसं न बोलणारा माणूस रागात शब्दांचा एवढा बारीक फरक करतो, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. मेथी मात्र मी पुरी निवडली.

मी भित्री मुलगी होते हे आधीच सांगून टाकते, कारण हेकट माणूस धीट असतो असा लोकांचा समज असतो. मला लिफ्टची भीती वाटायची. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते आठवायला लागायचं, जसं काही मी तो चोरूनच आणला होता. आजही घराबाहेर पडले की गॅस बंद केला का ते बघायला परत जिना चढते, आणि खाली गाडीत माझी मुलगी हॉर्नवर हात ठेवून इंग्रजीत काहीतरी पुटपुटत बसते. भीती आणि हेका एकाच पोटात राहतात. उलट मला वाटतं, भित्र्या माणसालाच हेक्याची गरज जास्त.

आम्ही अमळनेरचे. आप्पा कितीतरी वर्षं दोह्यात एकटे राहिले, एका खोलीत पाच-सहा जणांत, आणि कंपनीने घरची माणसं आणायची परवानगी दिली तेव्हा माय आणि मी विमानात बसलो. माझी नववी अर्ध्यावर राहिली. मायने सामानात काय आणलं असेल? खापर. मांडे भाजायचं मातीचं खापर, गोधडीत गुंडाळून, वर बांगड्यांच्या दुकानातल्यासारखा पेंढा भरून. ते दोह्याच्या विमानतळावर तुकडे होऊन उतरलं. मायने ते तुकडे फेकले नाहीत. बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, ते रचून ठेवलेले असायचे आणि शमाल सुटला, म्हणजे वाळूचा वारा, की त्यांच्या खोलगट भागात बारीक पिवळी धूळ साठायची. तिसऱ्या मजल्यावरचं ते दोन खोल्यांचं घर मला अजून आवाजांनीच आठवतं. खिडकीतला एसी, जो आप्पा जगाचे एसी दुरुस्त करत असले तरी घरचा कायम खडखडायचा. मागच्या मशिदीतली अजान. पाण्याच्या टँकरचा पाइप ओढल्याचा आवाज. आणि मायच्या तीन भाषा: माझ्याशी अहिराणी, पुण्या-नाशिकच्या बायकांशी फोनवर जपून मराठी, आणि किराणावाल्याशी अशी हिंदी की तो मल्याळी माणूस मान हलवून तिला हवं ते बरोबर द्यायचा.

शाळेचं असं झालं की तिथे सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या. मी मराठी शाळेतली. नववीत घ्यायला कोणी तयार नव्हतं. एका शाळेने दया येऊन सातवीत जागा दिली. आप्पांनी ती जागा मिळवायला किती हेलपाटे घातले असतील ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे; हे उपरोधाने लिहीत नाही. पण त्या बाकावर माझे गुडघे मावत नव्हते. वर्गातल्या मुली मला दीदी म्हणायच्या. बाई तर फार चांगल्या होत्या. मला येत नाही हे दिसू नये म्हणून त्या मला वह्या वाटायला उभं करायच्या, फळा पुसायला लावायच्या, आणि एकदा एका लहान मुलीच्या वेण्या सुटल्या तेव्हा त्या घालायला सांगितल्या. वाईट वागल्या असत्या तर मी कदाचित टिकले असते. एका सकाळी बस खाली हॉर्न देत राहिली आणि मी दप्तर मांडीवर घेऊन जिन्यातच बसले. बस गेली. मी उठले नाही.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोर मुनिरा राहायची, बोस्नियाची. नवरा एका क्लबात हँडबॉल शिकवायचा. उंच, रुंद खांद्यांची बाई, कपाळावर नेहमी पीठ.

"स्कूल?" तिने विचारलं.

"खलास," मी म्हणाले. अरबीतले मला तेव्हा चारच शब्द यायचे, त्यातला हा.

तिने माझ्याकडे, मग दप्तराकडे पाहिलं, आणि दार पूर्ण उघडून आत गेली. ये म्हणाली नाही. दार उघडं ठेवलं, एवढंच.

तिच्या जेवणाच्या टेबलावर निळ्या फुलांची चादर अंथरलेली होती आणि मधोमध तेलाने चकाकणारा पिठाचा गोळा. तिने गोळा थोडा लाटला, मग लाटणं बाजूला ठेवून दोन्ही हातांच्या मुठी त्याखाली घातल्या आणि टेबलाभोवती फिरत, मुठींच्या पाठीवर झेलत ते पीठ ताणू लागली. ताणता ताणता ते एवढं पातळ झालं की खालची निळी फुलं वरून दिसायला लागली. मी उभी राहिले. हे मी पाहिलेलं होतं. माझी आजी, आप्पांची आई, मांडा असाच हातांवर ताणायची, टेबल नसतानाही, नुसत्या मनगटांवर आणि कोपरांपर्यंत खेळवत. मी काही न विचारता दप्तर ठेवलं, हात धुतले आणि दुसऱ्या बाजूने मुठी घातल्या. माझ्या बाजूला भोक पडलं. मुनिराने त्यावर पिठाचा एक तुकडा चिकटवला आणि फिरत राहिली. त्यात बटाटा, कांदा आणि मिरपूड भरून तिने गुंडाळ्या केल्या, गोल ताटात सापासारख्या वळवून भाजल्या; याला ती पिटा म्हणायची. त्या सकाळी मी जे खाल्लं त्याची चव सांगत बसत नाही. रडत खाल्लं, एवढं सांगते.

मग मी रोज जायला लागले. मायला माहीत होतं, आप्पांना काही दिवसांनी कळलं, आणि मेथीचा प्रसंग झाला तो तेव्हा. त्यांनी निकाल दिला: आखाजीपर्यंत ठरव. सातवीच्या बाकावर बस, नाहीतर चोपड्याला मामाकडे जा. मामाकडे जा याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. एरंडोलचं एक स्थळ मामाने बघून ठेवलेलं होतं. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. आप्पांना लेक पाठवायला नेमका तोच मुहूर्त सापडला, हे मायने त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, "मग काय करू? लोक विचारतात पोरगी काय शिकते." माय बायकांना सांगायची, बाहेरून दहावी करतेय. मी दहावी करत नव्हते. मी बटाट्याची पिटा करत होते, आणि ती मला यायला लागली होती.

त्या टेबलाशी मी आणखी एक गोष्ट शिकत होते, शाळेने जी मला शिकवली नसती. मुनिराचं इंग्रजी माझ्याएवढंच मोडकं. म्हणून आम्ही वस्तूंवर बोट ठेवायचो आणि आपापला शब्द सांगायचो. ती साबणाला सापून म्हणायची. बदामाला बादेम. दुकानाला दुचान. हवेला हावा, शत्रूला दुश्मान. पहिल्यांदा मला वाटलं ती माझी थट्टा करते. मग मलाच हसू फुटलं. अमळनेरच्या बाजारातले शब्द या गोऱ्या बाईच्या तोंडात कसे? ती म्हणाली, तुर्क आले होते, कित्येक पिढ्या राहिले, गेले तेव्हा शब्द न्यायचे विसरले. आमच्याकडेही असेच कोणी कोणी आले आणि विसरून गेले असणार, हे मला तिथे, पीठ लावलेल्या हातांनी, समजलं. वर्गात मी मुकी होते. इथे माझ्याजवळ आधीच अर्धी पिशवी भरलेली होती.

आणि एक दिवस, मी आखाजीची अट तिला सांगितली तेव्हा, तिने विचारलं, "मग तू?" मी म्हणाले, सातवीत नाही. "मग मामा?" मी म्हणाले, मामाकडेही नाही. "मग काय?" मी म्हणाले, माहीत नाही, पण ही दोन नाहीत. मुनिराने लाटणं खाली ठेवलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "इनात."

याचा अर्थ सांगायला तिला बराच वेळ लागला. हा शब्द फक्त आमचा आहे, जगात दुसरीकडे नाही, असं तिने आधी बजावलं. मग आजीची गोष्ट सांगितली. तिच्या आजीला कोणीतरी म्हणालं, या वयात लाल रुमाल डोक्याला शोभत नाही. आजी मरेपर्यंत लाल रुमाल बांधत राहिली. "तिला लाल आवडायचा?" मी विचारलं. "मुळीच नाही," मुनिरा म्हणाली. "तिला हिरवा आवडायचा."

इमारतीचा राखणदार इद्रीस, सुदानचा, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला होता, तो दारातून हसला. "फक्त तुमचा? मादाम, हा आमचा शब्द आहे. इनाद. अरबी आहे. पण आमच्याकडे तो गाढवाला लावतात."

"आमच्याकडे आजीला लावतात," मुनिरा म्हणाली.

"तुर्कांनी आमच्याकडून घेतला, तुमच्याकडे टाकला, आणि तुम्ही त्याचं पदक केलंत." इद्रीसने सिलिंडर गडगडवत आत नेलं. "इनाद हा रोग आहे. नवऱ्याला विचारा."

"तुमच्याकडे याला काय?" मुनिराने मला विचारलं. हेका हा शब्द मला आप्पांच्या तोंडून नुकताच लागलेला होता, तो सांगवेना. मी चांगला शब्द निवडला, शाळेत बक्षीस समारंभात बोलतात तो. "जिद्द."

इद्रीस स्वयंपाकघरातून डोकावला. "दिद्द? तोही आमचाच. दिद्द म्हणजे विरुद्ध. हिच्या नवऱ्याच्या मॅचचं पोस्टर बघ खाली, हा संघ दिद्द तो संघ." मी खाली जाऊन खरंच बघून आले. दोन संघांच्या नावांच्या मधोमध दोन अक्षरं. तीच आमची जिद्द, भाषणातली, हारतुऱ्यांची; इथे ती दोन पैलवानांच्या मध्ये उभी होती, कोणाच्याही बाजूने नसलेली, नुसती विरुद्ध.

मी पुढे इथेच राहिले, त्यामुळे मला या शब्दाचे बरेच सगेसोयरे भेटले. मॅसेडोनियाची एक शिंपीण, क्रोएशियाचा दंतवैद्य, सर्बियाची माझ्या मुलीची पोहण्याची शिक्षिका. प्रत्येकाने मला छातीवर हात ठेवून सांगितलं की इनात हा फक्त त्यांचाच शब्द आणि त्याचं भाषांतर होत नाही. बल्गेरियाच्या नर्सने मात्र नाक मुरडलं. त्यांच्यात अजूनही तो गाढवाचाच, इद्रीसच्या गावासारखा. आणि एका रशियन बाईला तो माहीतच नव्हता. तिची भाषाही त्याच स्लाव्ह गोतातली, पण तिच्या घरी तुर्क राहायला गेले नव्हते. शब्दाला सीमा ओलांडताना कोणी शिक्षण विचारत नाही. जिथे पोचला तिथल्या लोकांना ज्याची गरज होती ते तो झाला. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, त्यामुळे चुकलं असेल तर माझी चूक आहे, आणि मला ती दुरुस्त करायची घाई नाही.

आखाजी त्या वर्षी शुक्रवारच्या सुट्टीला साजरी करायची ठरली. दोह्यातली खानदेशी कुटुंबं आमच्याकडे जेवायला येणार होती. आमरस होता, रशी म्हणजे कटाची झणझणीत आमटी होती, कुरडया तळून झालेल्या. पुरणपोळ्या माय तव्यावर करणार होती, कारण खापर नव्हतं. मी म्हणाले, मांडे करू. कोपऱ्यावरच्या सीरियन बेकरीत लोखंडाचा उपडा घुमट असतो, साज म्हणतात, त्यावर तो माणूस पातळ रोट्या टाकतो. तो घुमट म्हणजे खापरच की. "लोखंडावर मांडा?" माय म्हणाली, "तुझी आजी वरून थुंकेल." पण इद्रीसने बेकरीतून जुना साज मागून आणला तेव्हा तिनेच तो घासला, आणि पीठ तार सुटेपर्यंत तिनेच तिंबलं.

दुपारी स्वयंपाकघरात बायका दाटलेल्या, मुनिरा कोपऱ्यात स्टुलावर, तिला कोणीतरी कुंकू लावलेलं. पहिला मांडा फाटला. "पहिला देवाचा," माय म्हणाली. दुसरा मी हातांवर घेतला. पुरण आत भरलेलं असतं, त्यामुळे तो जड असतो आणि पिटासारखा टेबलाचा आधार नसतो; एकदा हातावर आला की खाली ठेवता येत नाही, थांबताही येत नाही. तो मनगटावरून कोपराकडे उतरत होता, मोठा होत होता, आणि धुळ्याच्या खैरनार काकू, ज्यांच्याकडे सगळ्यांच्या मुलांचे निकाल तोंडपाठ असायचे, कौतुकाने म्हणाल्या, "काय वं कल्पना, हात चांगला शे तुना. अन् दहावीचा अभ्यास? बाहेरून जड जातं ना?"

माय म्हणाली, "चाललंय की तिचं."

"नाही चाललेलं," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता, मांडा थरथरत नव्हता. "मी दहावी करत नाही काकू. मला सातवीत बसवलं होतं, मी उठून आले. परत जाणार नाही. आणि चोपड्यालाही जाणार नाही."

बाहेरच्या खोलीतल्या पुरुषांनाही ऐकू गेलं असणार, कारण आप्पा दारात आले. चेहरा काळा पडलेला. "तिकीट काढलंय मी," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग ते जाईल. मी जाणार नाही."

ते दोन पावलं पुढे आले, माझा दंड धरायला हात उचलला, आणि तो हात तिथेच थांबला. बाईच्या हातावर मांडा असताना तिला कोणी शिवत नाही. कोणी हाक मारत नाही, पोर रडलं तरी तिच्याकडे देत नाही. हे त्यांना आजीच्या चुलीपुढे लहानपणीच कळलेलं असणार. रागापेक्षा ते जुनं निघालं. ते हात तसाच अर्धवट धरून उभे राहिले आणि मी मांडा अजून मोठा केला, हवा होता त्याहून मोठा, आणि अलगद साजावर सोडला. माझे हात मोकळे झाले. आता ते मला धरू शकले असते. मीही उलथनं उचलू शकले असते. मी उचललं नाही. लोखंड मातीपेक्षा लवकर तापतं. मांड्याला डाग पडले, मग गुळाचा वास बदलला.

"पलटाव ना," आप्पा म्हणाले.

"आधी सांगा, पाठवणार नाही म्हणून."

"पलटाव ना वं, पोरी, करपी ऱ्हायना." घरात बायका असताना आप्पा कधी अहिराणी बोलत नसत.

"करपू द्या."

धूर वर चढायला लागला. एवढ्या मेहनतीचा मांडा, माझ्या आयुष्यातला पहिला धड उतरलेला, डोळ्यांपुढे काळा पडत होता आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. तरी हात हलला नाही. मला मुनिराची आजी समजली, लाल रुमालासकट. मग आप्पांनी माझ्यापुढून हात घातला, उलथनं न घेता, बोटांनी मांडा साजावरून ओढून काढला, चटका बसला तसा या हातातून त्या हातात टाकला, घडी घातली आणि ताटात ठेवला. मग पाटावर बसले आणि आमरसाशी खायला लागले. पाठवणार नाही, हे वाक्य त्यांनी म्हटलं नाही. आजतागायत म्हटलेलं नाही.

"अहो, दुसरा होतोय," माय म्हणाली. "तो करपलाय."

"हाच बरा आहे."

"कडू लागेल."

"लागू दे."

कोपऱ्यातून मुनिराने आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बोट दाखवलं. "इनात," ती म्हणाली, आणि दोन बोटं वर केली. खैरनार काकूंनी तिला विचारलं, म्हणजे काय हो? मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिसरा मांडा माझ्या हातांवर होता.

तिकिटाचं काय झालं मी विचारलं नाही. आखाजी गेली, उन्हाळा गेला, मी इथेच होते. मुनिराचा नवरा दुसऱ्या देशात गेला तेव्हा ती मला तिचं लांब, बारीक लाटणं देऊन गेली. त्या लाटण्यावर आणि त्या साजावर माझं पुढचं आयुष्य उभं राहिलं, आणि या वाळवंटाने मला जे दिलं त्याचे उपकार मी विसरत नाही. शाळा तेवढी दिली नाही. शिक्षण विचारलं की मी सांगते, नववी, अर्धी. समोरचा घाईघाईने म्हणतो, पण पुढे बाहेरून केलं असेल ना? मी म्हणते, नाही.

आप्पा आता अमळनेरला असतात. आल्यागेल्याला ते माझी गोष्ट सांगतात, फोनवर मला मागून ऐकू येते. सातवीत बसवलेली, उठून आली, काय पोरीची जिद्द म्हणावी. त्यांच्या आवाजात आता अभिमान असतो. त्यांनीही त्या गोष्टीचं पदक केलंय. मी त्यांना तेवढं करू देत नाही.

"जिद्द नव्हे आप्पा," मी फोनवरून म्हणते. "हेका."

पलीकडे ते पाहुण्याला सांगतात, "ती म्हणते हेका. हेका तर हेका. मांडा मात्र गोड होता."

"करपलेला होता, आप्पा."

"गोड होता," ते म्हणतात, आणि मागे हटत नाहीत.